विहिरीवरचं इंजिन नावेत गेलं, तेव्हा सल्ला कोणी दिला?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मोडनिंबमधल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना मी विचारलेला प्रश्न अजून माझ्या वहीत आहे. "पूर्वी इंजिन बिघडलं तर लोक दुरुस्तीचा सल्ला कुणाकडून घ्यायचे?" घरी बसून, तीनदा खोडून सुधारलेला प्रश्न होता तो. काका हात पुसत म्हणाले, "ताई, सल्ला कशाचा? इंजिन कुठाय?" मुलाखत तिथेच संपली. चार मिनिटांचं रेकॉर्डिंग, त्यातली दोन मिनिटं बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज.

तेव्हा वाटलं, काकांना बोलायचं नाही. काका बरोबर होते आणि माझा प्रश्न चुकीचा होता, हे कळायला वर्ष गेलं. त्या वर्षात काय शिकले ते आज लिहितेय. तुमच्यापैकी कुणी तंत्रज्ञानाच्या इतिहासाकडे वळणार असेल, तर त्याचं एक वर्ष तरी वाचेल.

आधी कागद काय सांगतात ते पाहू. आपल्याकडे इंजिनाच्या कारखान्यांचा इतिहास बऱ्यापैकी नोंदलेला आहे. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात तर बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून, म्हणजे विक्री आणि दुरुस्तीपासूनच झाली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. १९२० मध्ये सुरू झालेली 'किर्लोस्कर खबर' ही मुळात कारखान्याची आणि गिऱ्हाइकांची बातमीपत्रिका होती. या सगळ्यातून इंजिन कुणी बनवलं, कधी बनवलं हे कळतं. विकत घेतल्यानंतर ते वीस-तीस वर्षं कुणी चालतं ठेवलं, ते मात्र क्वचितच कळतं.

सरकारी कागदांची गंमत वेगळी. गावागावांतली ऑइल इंजिनं मोजलेली सापडतात कुठे, तर पशुगणनेत! गाई, म्हशी, शेळ्या, आणि त्यांच्या मागे नांगर, बैलगाड्या, पाण्याचे पंप, ऑइल इंजिनं. मी आधी हसले, मग लक्षात आलं की मोट ओढणारे बैल आणि मोटेची जागा घेणारं इंजिन एकाच कागदावर सापडणं हे इतिहासकाराचं भाग्य आहे. अडचण एवढीच की गणना फक्त आकडा देते. त्यातली किती इंजिनं चालू होती आणि किती गोठ्यात गंजत पडली होती, हे त्या आकड्यावरून काढता येत नाही.

आता मोडनिंबचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पुण्याच्या दिशेने निघालात की टेंभुर्णी लागते आणि तिच्या पुढे भीमानगरजवळ उजनी धरण. १९८० मध्ये ते पूर्ण झालं आणि भीमेच्या काठची गावं एका प्रचंड जलाशयाच्या काठावर आली. एकेकाळी उतारातून किंवा होडीने ओलांडायची नदी काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद झाली. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून समोर इंदापूर तालुक्यातलं कळाशी दिसतं, पण रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. म्हणून लोक लाँचने जातात. ज्या भागात पिढ्यान् पिढ्या इंजिन म्हणजे विहिरीचं इंजिन, त्या भागात इंजिन पाण्यावर तरंगायला लागलं.

हे फक्त इथेच घडलं असं समजू नका. बांगलादेशात उथळ कूपनलिकांसाठी आलेली छोटी डिझेल इंजिनं १९८० च्या दशकापासून देशी नावांवर चढली आणि तिथली जलवाहतूकच बदलून गेली. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात प्रवास उलटा झाला. तिथे १९६० च्या दशकात शेतकऱ्यांनी नावेची मोटर आणि तिचा पंखा नळीत बसवून शेताला पाणी चढवलं. रॉबर्ट सॅन्सम यांनी १९६९ मध्ये त्यावर लेख लिहिला. छोटा आहे, नक्की वाचा. डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे पुस्तकही वाचा. वापर आणि देखभाल यांच्या बाजूने इतिहास लिहिला तर चित्र किती बदलतं, ते त्यात आहे.

मी हे सगळं वाचलं आणि माझा प्रबंध जवळजवळ तयार झाला असं मला वाटलं. गृहीतक छान होतं: विहिरीवरच्या मिस्त्रींचं ज्ञान जसंच्या तसं नावेत गेलं, म्हणून नावेसाठी वेगळ्या सल्ल्याची गरज पडली नाही. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही इंजिन उघडलेलं पाहिलंय का?" पाहिलं नव्हतं.

म्हणून दुसऱ्यांदा काकांकडे गेले तेव्हा प्रश्न घेऊन गेले नाही. दुकानात एक इंजिन खोललेलं होतं, त्याच्या शेजारी बसले. त्या दिवशी काका तीन तास बोलले. कधीतरी त्यांना बॅकवॉटरच्या एका नावेसाठी बोलावणं आलं होतं, तेही त्यांनी सांगितलं. नावेत बसवलेलं इंजिन विहिरीवरचंच होतं. काका म्हणाले, "इंजिन माझ्या वळखीचं, पण त्याच्या म्होरचं काय बी वळखीचं नव्हतं."

या एका वाक्यावर माझं गृहीतक मोडलं. का, ते थोडं खोलात सांगते, कारण यंत्राचा इतिहास लिहिणाऱ्याला यंत्र कळायलाच हवं.

इंजिनाच्या आतलं ज्ञान खरंच जसंच्या तसं नावेत जातं. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर इंजिन बंद पडतं, नट सैल करून हवा काढायची, हे विहिरीवरही आणि नावेतही. नोझल खराब झालं की काळा धूर, रिंगा झिजल्या की ऑइल खाणं, यातही फरक नाही. पण विहिरीवरच्या इंजिनाला आयुष्यभर एकच काम असतं: एका दिशेने, एका वेगाने फिरायचं. भार कमीजास्त झाला तर गव्हर्नर डिझेल कमीजास्त करतो. माणूस हँडल मारून बांधावर जाऊन बसला तरी चालतं.

नावेला थांबावं लागतं, मागे यावं लागतं, धक्क्याला हळू लागावं लागतं. त्यासाठी इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये गिअर लागतो, आणि चालवणारा इंजिनापासून लांब बसला असेल तर दांडा आणि केबलही. विहिरीच्या जगात हा भागच अस्तित्वात नव्हता. केबल आतून गंजते, दांडा घट्ट होतो, आणि मिस्त्री गिअर खोलायला बसतो. खरी तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून केबलचं गिअरकडचं टोक सोडायचं आणि गिअरचा आर्म हाताने हलवून बघायचा. सहज हलला तर दोष केबलचा किंवा दांड्याचा, नाही हलला तर गिअरचा. काकांनी त्या नावेत आधी गिअरच खोलला होता. दोन दिवस गेले, दोष केबलमध्ये निघाला. हे त्यांनी हसत सांगितलं, मी मात्र तेव्हा भराभर लिहीत होते.

काही गोष्टी तर ओळखीच्या वाटतात आणि म्हणूनच फसवतात. पंपाच्या शाफ्टला ग्लँडची दोरी असते, तिच्यातून थेंब थेंब पाणी गळणं चांगलं, त्याने दोरी थंड राहते. नावेच्या शाफ्टलाही तशीच दोरी असू शकते आणि तिथेही थोडं गळणं अपेक्षित असतं. फरक असा की विहिरीवरचा थेंब मातीत जातो आणि नावेतला थेंब नावेत साठतो. पाया बघा. शेतात इंजिन काँक्रीटवर बोल्ट केलेलं, ते हलत नाही. नाव काठावर असताना शाफ्ट सरळ बसवला, तरी पाण्यात उतरल्यावर तिचा सांगाडा किंचित वाकतो. म्हणून सरळपणा पाण्यात पुन्हा तपासावा लागतो. आणि गव्हर्नरची स्प्रिंग ताणून पाणी वाढवायची विहिरीवरची युक्ती! पंप असो की पंखा, वेग १० टक्के वाढवला तर लागणारी ताकद साधारण ३३ टक्क्यांनी वाढते. विहिरीवर याची किंमत म्हणजे धूर आणि झिजलेलं इंजिन. पाण्याच्या मध्यावर ते इंजिन बंद पडलं तर वाऱ्याच्या ताब्यात गेलेली नाव.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यात इंजिनाचा किंवा दुरुस्तीचा दोष होता असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्या बातमीनंतर माझ्या विषयाकडे नुसती 'रंजक जुगाड' म्हणून पाहणं मला जमेनासं झालं. सेमिनारमध्ये कुणी जुगाडाचं कौतुक करायला लागलं की मी विचारते, चुकलं तर भरपाई कोण करतं?

मग नावेच्या या 'म्होरच्या' भागाचा सल्ला लोकांना कुठून मिळाला, हा माझा सुधारलेला प्रश्न. समुद्रकाठी निदान शाळा तरी आहे. सातपाटी, वर्सोवा, अलिबाग, रत्नागिरी इथे मत्स्यव्यवसाय खात्याची प्रशिक्षण केंद्रं, आणि तिथे नौकानयनाबरोबर डिझेल इंजिनाची देखभाल शिकवणारा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. पण ही सगळी केंद्रं किनाऱ्यावरची. भीमेकाठचा माणूस तिकडे गेला असेल का, की किनाऱ्यावरचा कुणी इकडे आला? यासाठी मी प्रशिक्षणाच्या यादीपेक्षा सुट्या भागांच्या दुकानांच्या पावत्या आधी बघतेय. गिअर आणि केबल ज्या गावाहून आली, बहुधा सल्लाही त्याच वाटेने आला असणार.

दुसरी वाट कायद्याची. १९१७ चा अंतर्गत जलमार्गांवरच्या वाफेच्या नौकांचा कायदा पुढे बदलत गेला आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. जुन्या कायद्यात अपघातांच्या चौकशीची तरतूद होती. अशा चौकशीचे कागद जिथे हाती लागतील तिथे अधाशासारखे वाचा. तांडेल किंवा मिस्त्री एरवी कागदावर येत नाही, आला तर साक्षीदार म्हणून येतो. 'दांडा अडकला होता', 'केबल मागच्याच आठवड्यात बांधली होती' अशा तऱ्हेची वाक्यं मिळायची तर ती जबानीतच मिळतील. फक्त एक भान ठेवा. चौकशीत माणूस स्वतःला वाचवायला बोलतो, म्हणून त्याने सांगितलेल्या कारणापेक्षा त्याने सहज उच्चारलेले तपशील जास्त भरवशाचे.

तिसरी वाट म्हणजे यंत्र स्वतः. वेल्डिंगचे थर, मापात न बसणारा बोल्ट, दुसऱ्याच कंपनीचं झाकण, छिन्नीने मारलेली खूण. पुरातत्त्ववाले खापरं वाचतात तसं हे वाचता येतं. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि मालकाला विचारूनच हात लावा.

पुढच्या महिन्यात काकांना घेऊन बॅकवॉटरला जायचं ठरतंय. जुनी नाव आता नाही म्हणतात, पण तिचा गिअर कुणाच्या तरी शेडमध्ये पडलाय. फोनवर मी उत्साहात प्रश्नांची यादी वाचून दाखवायला लागले, तर पलीकडून आवाज आला, "यादी राहू द्या ताई. पाने घेऊन या, १९ चा आणि २२ चा."