सांडपाण्याचे संमतिपत्र आणि जमिनीखालचा खडक

हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत नवी विहीर खणताना खाली काय लागणार, हे जुना खणणारा आधीच सांगतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याच्याही खाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. पाणी बहुधा मुरमात आणि मांजऱ्यात मिळते. काळ्या पाषाणात भेगा असतील तरच. भूशास्त्राच्या भाषेत हा सारा दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले, त्यांतल्या काहींच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोके राहिली आणि त्यांचाच मांजऱ्या झाला.

विहिरीत पाणी कोठून येणार याचा विचार करताना खणणारा हे सारे लक्षात घेतो. पण याच जमिनीवर एखाद्या कारखान्याला सांडपाणी सोडायचे असेल तर? त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र लागते. ते देण्यापूर्वी खालचा खडक कसा आहे, भूजल कोणत्या दिशेने वाहते, जवळची विहीर किती दूर आहे, हे तपासायला हवे, ही गोष्ट आज उघड वाटते. ती कायद्याला उमगायला मात्र फार काळ लागला. ही दिरंगाई समजून घ्यायची तर दीडशे वर्षांहूनही मागे जावे लागते.

१८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी तिचा संबंध रस्त्यावरच्या एका पंपाशी जोडला, ही कथा पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. पुढच्या वर्षी हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाच्या आग्रहावरून ती जागा खणून पाहिली गेली. जवळच्या घराच्या मैलाकुंडाच्या विटा कुजून ढिल्या झालेल्या होत्या, घराचे गटार विहिरीपासून तीन फुटांच्या आत होते आणि मधली माती मैल्याने भिजलेली होती. जमिनीतून घाण विहिरीपर्यंत जाते, हे त्या दिवशी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले गेले. माझ्या मते सांडपाण्यासाठी जागेची भूजलदृष्ट्या तपासणी म्हणजे काय, याचा हा पहिला चांगला नमुना आहे. स्नोंच्या नकाशाइतकीच प्रसिद्धी त्याला मिळायला हरकत नव्हती.

पंधरा वर्षांनी याच देशातून नेमका उलटा धडा निघाला. नद्यांच्या प्रदूषणाची चौकशी करण्यासाठी १८६८ साली नेमलेल्या आयोगात एडवर्ड फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी मातीने भरलेल्या नळ्यांतून मैलापाणी गाळून पाहिले. पाणी सतत न सोडता मधे विश्रांती देऊन सोडले, म्हणजे मातीत पुन्हा हवा शिरू दिली, तर खालून निघणारे पाणी चांगलेच शुद्ध असते, असे त्यांना आढळले. हे काम सूक्ष्मजीवांचे आहे हे १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंत्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले. वाळू आणि खडूच्या नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच नायट्रेट बनणे थांबले, एवढाच तो सुंदर प्रयोग.

म्हणजे जमीन घाण वाहून नेते आणि जमीन घाण साफही करते. दोन्ही विधाने खरी आहेत. कोणते केव्हा लागू पडते, हे मातीच्या थराची जाडी, त्यातली हवा, पाणी सोडण्याचा वेग आणि खालचा खडक यांवर ठरते. फ्रँकलंड यांना ही अट पुरेपूर ठाऊक होती. पुढे नियम लिहिले गेले तेव्हा निष्कर्ष तेवढा टिकला आणि अट गळून पडली.

१९१२ साली ब्रिटनच्या मैलापाणी आयोगाने आपल्या आठव्या अहवालात सांडपाण्यासाठी एक मर्यादा सुचवली. पाण्यातली घाण कुजवताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात, त्या मापाला आज आपण बीओडी म्हणतो. तो लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नसावा. या आकड्यामागे एक गृहीत होते: सांडपाणी ज्या नदीत जाईल, तिच्यात त्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी असेल. बारमाही वाहणाऱ्या इंग्रजी नद्यांना ते शोभण्यासारखे आहे. हिंगोलीजवळून वाहणाऱ्या कयाधूला ते एप्रिलमध्ये लावून पाहा. कोरड्या पात्रात सोडलेले पाणी नदीत जात नाही, वाळूखाली जाते आणि तेथून काठच्या विहिरींत. आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने नदीत सोडणे आणि जमिनीत सोडणे यांत फरकच उरत नाही.

भारतात पाण्याच्या प्रदूषणावर कायदा करण्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. राज्याचा कायदा १९६९ सालचा. त्याखाली मंडळ स्थापन झाले ते ७ सप्टेंबर १९७० रोजी. केंद्राचा जल प्रदूषण कायदा १९७४ साली आला आणि महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. या केंद्रीय कायद्यातली ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या वर्गात वाचून दाखवण्याजोगी आहे. तीत नदी आहे, वाहता किंवा त्या वेळी कोरडा असलेला ओढा आहे आणि भूमिगत पाणीही आहे. मसुदा लिहिणाऱ्यांना आपल्या नद्या चांगल्या माहीत होत्या, असे म्हणायला हवे.

पण व्याख्येत आलेले भूजल अंमलबजावणीत फारसे उतरले नाही. मूळ कायद्यात सांडपाणी सोडण्यास संमती लागे ती प्रवाहात किंवा विहिरीत सोडायचे असेल तेव्हा. आपल्या शेतात सोडले तर? ‘किंवा जमिनीवर’ हे शब्द १९८८च्या दुरुस्तीने आले. तोवरची चौदा वर्षे जमिनीचे नाव या कलमांत नव्हते. पुढे १९९३ साली पर्यावरण संरक्षण नियमांत सर्वसाधारण मर्यादा ठरल्या. नदीनाल्यांत सोडायच्या पाण्याचा बीओडी ३०, सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याचा १००. जमिनीला तिपटीहून अधिक सवलत मिळाली, कारण माती शुद्ध करते हा फ्रँकलंड यांचा निष्कर्ष! माती किती जाड, खाली वाळू की भेगाळलेला बेसाल्ट, हे तो आकडा विचारत नाही. तो नळाच्या तोंडाशी मोजला की काम संपते.

या सवलतीचा अर्थ मराठवाड्यात काय होतो? येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पूर्णा प्रकल्पाचे पाणी आल्यावर वसमत भागात ऊस वाढला आणि साखर कारखाने आले. साखरेमागोमाग मळी येते आणि मळीपासून अल्कोहोल. एक लिटर अल्कोहोलमागे साधारण १२ लिटर गडद तपकिरी, आम्लधर्मी पाणी निघते. त्याला स्पेंट वॉश म्हणतात. त्याचा बीओडी ४० ते ५० हजारांच्या घरात असतो. दिवसाला ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी एखादी डिस्टिलरी धरा. तिचे सांडपाणी ३६० घनमीटर, आणि ४५ हजार बीओडी धरला तर त्यातली ऑक्सिजनची मागणी १६ टनांवर. एका माणसाच्या दिवसभराच्या मैलापाण्याची ही मागणी सुमारे ४५ ग्रॅम असते. भागाकार केला की ३ लाख ६० हजार माणसे येतात. २०११च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या ८५ हजारांच्या आसपास होती.

राज्यात अनेक ठिकाणी हे पाणी वर्षानुवर्षे मातीच्या कच्च्या तलावांत साठवले गेले. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरते, म्हणून तळाला वेगळे अस्तर नको, हा त्यामागचा समज. तो अर्धा खरा आहे. तलाव खोल करताना काळी माती उपसून बांधाला लावली जाते आणि तळाशी मुरूम उघडा पडतो. शिवाय गाळपाचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा. आजूबाजूच्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्याच काळात हे पाणी शेतांत सोडले जाई. त्याचा तपकिरी रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती जीवाणूंना सहजी पचत नाहीत. म्हणून कारखान्याजवळच्या विहिरीचे पाणी चहासारखे दिसू लागले की प्रयोगशाळेशिवायही निदान होते. तेव्हा उशीर झालेला असतो एवढेच.

किती उशीर, याचे उत्तर बिछडीने दिले. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातले हे गाव आपल्यापासून दूर आहे, पण तिथल्या भूजलाची तपासणी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने केली. १९८८च्या सुमारास तेथे एच ॲसिड हे रंगांसाठी लागणारे रसायन थोडाच काळ बनवले गेले. सुमारे ३७५ टन मालामागे ८,२५० घनमीटर सांडपाणी आणि २,४४० टन गाळ जमिनीवर राहिला. आसपासच्या विहिरी लाल-काळ्या झाल्या. नीरीने १९९४ साली दिलेल्या अहवालात सुमारे ३५० हेक्टर क्षेत्र बाधित धरले आणि ते पूर्ववत करण्याचा खर्च ३७ कोटी रुपयांवर काढला. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६च्या निकालात याच प्रकरणी लावले. कायद्याच्या वर्गात तो निकाल शिकवतात. भूजलाच्या दृष्टीने पाहिले तर अशी तपासणी कारखान्याआधी झाली असती, तर काही विहिरी मोजण्याच्या खर्चात भागले असते.

आधी तपासणी करावी असे स्पष्ट लिहिणारा नियम तेव्हा जगात नव्हता असे नाही. युरोपीय समुदायाने १७ डिसेंबर १९७९ रोजी भूजलासाठी काढलेल्या निर्देशात, परवानगीपूर्वी त्या जागेची जलभूशास्त्रीय स्थिती, माती आणि अवमृदा यांची शुद्ध करण्याची क्षमता आणि भूजल बिघडण्याचा धोका तपासावा, असे कलमच होते. फ्रँकलंड यांची गळालेली अट शतकानंतर परत आली ती अशी.

आपल्याकडे ती हप्त्याहप्त्याने आली. २००३ साली केंद्रीय मंडळाने उद्योगांसाठी काढलेल्या सनदेत, पृष्ठभागावरच्या पाण्यात किंवा भूजलात काहीही न सोडण्याची व्यवस्था असल्याखेरीज नव्या डिस्टिलरीचा विचार होणार नाही, असे म्हटले. २००६च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेत मळीवर चालणाऱ्या सर्व डिस्टिलऱ्या वरच्या वर्गात गेल्या आणि त्यांना आधी अभ्यास-अहवाल देणे भाग पडले.

मात्र अभ्यास कोणत्या ऋतूत करायचा, हा प्रश्न राहिलाच. १९९४च्या अधिसूचनेपासून एकाच हंगामाच्या, आणि तोही पावसाळा सोडून, मोजणीवर जलद अहवाल तयार करण्याची वाट खुली झाली. हवेसाठी हे ठीक. पाऊस धूळ बसवतो, म्हणून प्रदूषण कोरड्या दिवसांत मोजावे. भूजलाचे अगदी उलट आहे. आपल्या भागात ते हलते, चढते, नव्या भेगांत शिरते ते पावसाळ्यात. मेमध्ये तळ गाठलेली विहीर ऑक्टोबरात काठोकाठ येते, कारण बेसाल्टात साठवण फार कमी: मुरलेल्या किंवा सच्छिद्र बेसाल्टासाठी ती साधारण दोन टक्के धरतात. १०० मिलिमीटर पाणी मुरले की पातळी पाच मीटर चढते! कोरड्या महिन्यांत तळाव आणि पाणी यांत असलेले सुरक्षित अंतर श्रावणात नाहीसे होऊ शकते. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते ते यासाठीच. आणि १९७४च्या कायद्यात तर पूर्ण भरलेल्या अर्जावर मंडळाने चार महिन्यांत निर्णय दिला नाही, तर संमती आपोआप मिळाल्याचे मानले जाई. भूजलाचे वर्ष काही चार महिन्यांचे नसते.

चार महिन्यांत घाण किती पुढे जाईल, हे १८५६ साली फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी आंरी दार्सी यांनी मांडलेल्या नियमाने काढता येते. पारगम्यता दिवसाला ५ मीटर आणि भूजलपातळीचा उतार शंभरात एक धरू. गुणाकार ०.०५. त्याला पाणी ज्यातून वाहते त्या पोकळीच्या प्रमाणाने भागायचे. वाळूत ते २० टक्के असेल तर वेग दिवसाला पाव मीटर, १२० दिवसांत ३० मीटर. बेसाल्टात २ टक्के, तर वेग अडीच मीटर आणि अंतर ३०० मीटर. पारगम्यता आणि उतार तेच असूनही खडक बदलल्याने दहापट फरक पडला.

दिशा शोधणे तर शाळेतही जमेल. गावातल्या तीन विहिरी घ्या, एका रेषेत नसलेल्या. त्यांच्या काठांची सापेक्ष उंची गवंड्याच्या पाण्याच्या नळीने टप्प्याटप्प्याने काढा आणि पाण्यापर्यंतची खोली तिच्यातून वजा करा. समजा अ विहिरीत पाण्याची पातळी ९१ मीटर आली, ब मध्ये ९० आणि क मध्ये ८९. नकाशावर अ आणि क जोडणाऱ्या रेषेचा मध्यबिंदू ९० मीटरचा. तो ब ला जोडा. या रेषेला काटकोनात, क च्या बाजूला, भूजल सरकते. भेगांच्या खडकात हे उत्तर स्थूलच असते, भेग वाकडी असेल तर पाणीही वाकडे जाते. तीच मोजणी मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, दोन्ही वेळा करावी, आणि करायची ती पहाटे, मोटारी सुरू होण्यापूर्वी. उपसा चालू झाला की पाणी सगळीकडून त्या विहिरीकडेच धावते आणि बाण उलटासुद्धा निघतो.