दाब की ताण? टेदर्ड कॉर्ड सिंड्रोमचा इतिहास

मुलाच्या कमरेवर जन्मतःच केसांचा झुबका असतो. पुढे एक पाऊल वाकडे होऊ लागते. मग सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परतते. झुबक्याकडे कुणी पाहत नाही, पावलाला अस्थिरोगतज्ज्ञ गाठतात आणि अंथरुणापायी मुलाला बोलणी बसतात. या तिन्हींचे मूळ एकच असू शकते, हे वैद्यकाला फार उशिरा उमगले.

गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. पुढे कणा त्याच्यापेक्षा वेगाने वाढतो. त्यामुळे रज्जूचे टोक वर वर राहत प्रौढपणी कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी येते. जन्मदोषामुळे हे टोक जाड धाग्याने किंवा चरबीच्या गाठीने खालीच जखडले, तर मुलाची वाढती उंचीच त्याच्या मुळावर येते.

१८९१ मध्ये जोन्स या ब्रिटिश शल्यविशारदांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. सतराव्या वर्षापर्यंत त्याला पक्षाघाताचे लक्षण नव्हते. जोन्स यांनी कणा उघडला, रुग्ण सुधारला. उपाय फळला, पण कारण मानले गेले ते नसांवरील ‘दाब’. ही चूक वाटते तितकी किरकोळ नव्हती. दाब म्हटले की शोध गाठीचा होतो. नुसता आखडलेला धागा नजरेतून निसटतो.

‘ताण’ हा शब्द ठळकपणे पुढे आला तो १९५३ मध्ये. अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञ गार्सो यांनी तीन रुग्णांच्या आधारे रज्जूच्या टोकाशी असलेल्या धाग्यालाच, फायलम टर्मिनेलला, जबाबदार धरले. १९६० च्या दशकात न्यूकॅसलला जेम्स हे अस्थिरोगतज्ज्ञ आणि लासमन हे न्यूरोसर्जन एकत्र आले. वाकडे पाऊल आणि मज्जारज्जू यांचा विचार एकाच टेबलावर होणे, हेच या इतिहासातले खरे वळण म्हणावे लागेल. १९७६ मध्ये टोरांटोच्या हॉफमन व सहकाऱ्यांनी ३१ रुग्णांचा अभ्यास मांडला. २ मिलिमीटरहून जाड धागा कापल्यावर सुधारणा दिसत होती. ‘जखडलेला रज्जू’ हे नाव त्यानंतर रूढ झाले.

मात्र ताणाने नेमके बिघडते काय? १९८१ मध्ये यामादा आणि सहकाऱ्यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की, ताणलेल्या रज्जूतील पेशींची प्राणवायू वापरण्याची क्रियाच मंदावते. ताण थोडा असेल तर ती पूर्ववत होते. तीव्र वा दीर्घकाळ असेल तर होतेच असे नाही. वेळेवर निदान का हवे, याचे उत्तर इथे मिळाले.

त्यानंतर एमआरआय आला आणि कण्यात रंगद्रव्य टोचून क्ष-किरण काढण्याची गरज बरीच ओसरली. रज्जू आता सूक्ष्मदर्शकाखाली, नसांचे संकेत तपासत मोकळा केला जातो. शस्त्रक्रियेनंतर पाठदुखी बहुधा थांबते. मूत्राशयाची हानी तितक्या सहजी भरून येत नाही. चित्रात रज्जूचे टोक योग्य जागी दिसत असूनही लक्षणे असतील, तर धागा कापावा की नाही, यावर शल्यविशारदांत आजही एकमत नाही.