‘ब्लॉग’ : एका पदच्छेदाचा इतिहास

‘असुर’ या मूळ शब्दातील ‘अ’ नकारार्थी मानला गेला आणि त्यातून ‘सुर’ हा नवा शब्द निष्पन्न झाला. ‘विधवा’ या शब्दाचा ‘वि-धवा’ असा विग्रह करून ‘धव’ म्हणजे पती, असा अर्थ काढण्यात आला. व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने सदोष असलेला पदच्छेदही भाषेत सर्जनशील ठरतो, याची ही जुनी उदाहरणे होत. ‘ब्लॉग’ हे त्याचे अगदी अलीकडचे उदाहरण. मात्र येथे पदच्छेद अजाणता नव्हे, तर बुद्ध्या आणि थट्टेने केला गेला.

१७ डिसेंबर १९९७ रोजी जॉर्न बार्गर या अमेरिकन लेखकाने ‘रोबॉट विझ्डम’ या आपल्या संकेतस्थळावरील नोंदींना ‘वेबलॉग’ हे नाव दिले. ‘लॉग’ म्हणजे मुळात ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो समुद्रात सोडावयाचा आणि जहाजाचा वेग मोजावयाचा, ही नाविकांची रीत होती. ते मोजमाप ज्या वहीत उतरवीत, ती ‘लॉगबुक’. बार्गरच्या नोंदींचे स्वरूपही असेच होते : आंतरजालावर हिंडताना जे वाचनीय आढळले, त्याचे दुवे क्रमाने टिपून ठेवणे. म्हणजे ‘वेबलॉग’ या संज्ञेचा मूळ रोख लिहिणाऱ्याच्या अंतरंगाकडे नसून त्याच्या वाचनाकडे होता.

१९९९ मध्ये पीटर मरहोल्झ याने आपल्या संकेतस्थळाच्या समासात या शब्दाचे ‘वी ब्लॉग’ असे तुकडे केले. ‘वी’ गळून ‘ब्लॉग’ उरला. या ध्वनीत त्याला ओकारीच्या आवाजाचा भास होत असे आणि माहितीचे वमन या अर्थाने तो त्यास आवडे. विनोद म्हणून तो सोडून देता येईल. पण टिपणाच्या जागी उत्सर्जनाची प्रतिमा आली, हे लक्षात घ्यावयास हवे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इव्हान विल्यम्स आणि मेग हुरिहान यांच्या ‘पायरा लॅब्ज’ने ‘ब्लॉगर’ हे साधन उपलब्ध केले. विल्यम्सने ‘ब्लॉग’ नामाप्रमाणे क्रियापद म्हणूनही वापरला. या साधनात लेखकापुढे एक मोकळी चौकट येई. तीत दुवा दिलाच पाहिजे असे बंधन नव्हते. ही चौकटच दैनंदिन आत्मकथनास पोषक ठरली, असे निरीक्षण रेबेका ब्लड हिने सप्टेंबर २००० मधील आपल्या निबंधात नोंदविले आहे. शब्दाचा अर्थ बदलण्यास येथे साधनाची घडणही कारण झाली.

पुढील परिभाषा या दोन्ही ओढींची साक्ष देते. ताजी नोंद वर आणि जुनी खाली सरकत असल्याने प्रत्येक नोंदीस स्थिर पत्ता हवा होता. त्यातून ‘पर्मालिंक’ आला आणि नोंद उद्धृत करून वाद घालणे शक्य झाले. एखाद्या लेखाचे वाक्यागणिक खंडन करण्यास ‘फिस्किंग’ म्हणू लागले. तो शब्द ब्रिटिश पत्रकार रॉबर्ट फिस्क याच्या डिसेंबर २००१ मधील लेखावरील प्रतिक्रियांतून उद्भवला. याउलट, ब्लॉगवरील लेखनापायी नोकरी गमावणे या अर्थाचा ‘डूस्ड’ हा शब्द हेदर आर्मस्ट्राँग हिच्या २००२ मधील अनुभवातून, तिच्या ‘डूस’ या संकेतस्थळाच्या नावावरून पडला. एक शब्द वाचनाचा, दुसरा आत्मकथनाचा. ‘ब्लॉगोस्फिअर’ हा शब्द ब्रॅड ग्रॅहम याने १९९९ मध्ये गमतीने योजला होता. २००२ मध्ये विल्यम क्विक याने तो गंभीरपणे पुन्हा मांडला. २००३ मध्ये ऑक्सफर्ड कोशाने ‘ब्लॉग’ची नोंद घेतली, २००४ मध्ये मेरियम-वेबस्टरने त्यास वर्षाचा शब्द ठरविले. उपहासातून जन्मलेली बोली अवघ्या पाच वर्षांत कोशमान्य झाली.

मराठीत यासाठी ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ हे पर्याय पुढे आले. पहिला जुन्या मराठीतील ‘प्रतिदिनी’ या अर्थाच्या शब्दाला नामरूप देतो. दुसरा ‘रोजनिशी’च्या धर्तीवर संस्कृत ‘जाल’ला फार्सी वळणाची ‘निशी’ जोडतो. दोन्ही घडणी सुबक आहेत. परंतु ‘अनुदिनी’त उरते ती केवळ दैनंदिनी, दुसऱ्याचे लेखन वाचून त्याची नोंद ठेवणारा वाचक तीत दिसत नाही. ‘जालनिशी’त निदान जाल उरते, आणि ‘निशी’च्या मुळाशी चिटणीस-फडणिसांची नोंदवही आहे. तरी रूढ झाला तो ‘ब्लॉग’च, ज्यात जालाचे एकच अक्षर शिल्लक आहे. पारिभाषिक शब्द घडविताना प्रचलित अर्थाचे भाषांतर करावयाचे की त्या अर्थाच्या इतिहासाचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ कोशकारांचा राहत नाही. संज्ञेतून वाचक वगळला गेला, की व्यवहारातूनही तो वगळला जाणे सोपे होते.