आडवे, उभे आणि नॉर्मंडी

शब्दकोडं सोडवणाऱ्यांचे दोन प्रकार असतात: पेनने सोडवणारे आणि पेन्सिलने सोडवणारे. मी दुसऱ्या गटातला, तेही खोडरबर जवळ ठेवून. पण खरं सांगायचं तर मला उत्तरांपेक्षा उत्तरांमागच्या भानगडी शोधण्यात जास्त मजा येते. आजची भानगड अशी आहे की तिच्यापायी एका शाळेच्या हेडमास्तरांना चक्क हेरगिरीच्या संशयाला तोंड द्यावं लागलं.

आधी थोडी वंशावळ. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन नावाच्या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीत पहिलं कोडं छापलं. आकार पतंगासारखा, नाव 'वर्ड-क्रॉस'. काही आठवड्यांनी छपाईत शब्दांची अदलाबदल झाली आणि ते 'क्रॉस-वर्ड' झालं. म्हणजे शब्दांची उलटापालट करणाऱ्या खेळाचं नावच उलटापालटीतून आलं! १९२४ मध्ये कोड्यांचं पहिलं पुस्तक निघालं, सोबत पेन्सिल बांधलेली. अमेरिका पार वेडी झाली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र तेव्हा 'वेळेचा अपव्यय' म्हणून नाकं मुरडली होती. पुढे पर्ल हार्बर झालं, आणि युद्धाच्या बातम्यांनी गांजलेल्या वाचकांना काहीतरी विरंगुळा हवा म्हणून फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यांनीही मुकाट्याने कोडं सुरू केलं. असो.

इंग्रजांनी मात्र हा खेळ घेतला आणि त्याला आपला खास तिरकसपणा चढवला. 'क्रिप्टिक' कोडं म्हणतात ते हेच. ज्यांनी कधी सोडवलं नसेल त्यांच्यासाठी एक घरगुती नमुना: "राज उलटलं, पण थोडंसंच (२ अक्षरी)". उत्तर 'जरा'. 'राज' हा शब्द उलटा वाचा, 'जरा' मिळतो, आणि त्याचा अर्थ थोडंसं. किंवा "सरकारला द्यायचा हात (२ अक्षरी)", उत्तर 'कर'. शाळेत शिकलेला श्लेष आठवतोय ना? तोच हा. गंमत म्हणजे सूचना खोटं बोलत नाही. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर असतं, फक्त भलत्याच अर्थाने वाचायला लावलेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लंडनचा 'डेली टेलिग्राफ'. या पेपरात कोडं १९२५ पासून येत होतं. जानेवारी १९४२ मध्ये त्यांनी आपल्या कचेरीत एक स्पर्धा ठेवली: बारा मिनिटांत कोडं सोडवा. स्पर्धा झाली, लोक घरी गेले. नंतर त्यांच्यातल्या काही जणांना युद्धखात्याकडून गुपचूप बोलावणं आलं. ठिकाण होतं ब्लेचली पार्क, जिथे जर्मनांचे गुप्त संदेश फोडायचं काम चालायचं. वेळ संपली तेव्हा एका स्पर्धकाचा एक शब्द राहिला होता, तरी त्यालाही घेतलं. (आपल्याकडच्या इंटरव्ह्यूत असा दिलदारपणा दिसेल तर शपथ!)

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच पेपरातल्या कोड्यात एक उत्तर आलं, 'डिएप', फ्रान्समधलं बंदर. दोनच दिवसांनी, १९ ऑगस्टला, दोस्त सैन्याने डिएपवर हल्ला केला आणि तो सपशेल फसला. चौकशी झाली, योगायोग ठरला, फाईल बंद.

मग आला मे १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरायची तयारी इंग्लंडभर चालू होती. २ मे च्या कोड्यात उत्तर 'यूटा'. २२ मे ला 'ओमाहा'. अमेरिकन सैनिक ज्या दोन किनाऱ्यांवर उतरणार होते त्यांची ही सांकेतिक नावं. २७ मे ला 'ओव्हरलॉर्ड', म्हणजे अख्ख्या मोहिमेचं नाव. ३० मे ला 'मलबेरी', सोबत ओढून न्यायच्या कृत्रिम बंदरांचं नाव. १ जूनला 'नेपच्यून', आरमारी मोहिमेचं नाव. पाच दिवसांनी, ६ जूनला, डी-डे!

एमआय-५ वाल्यांची झोप उडाली असणार. ते थेट कोडं रचणाऱ्याच्या दारात पोचले. हे होते लेनर्ड डॉ (आडनावच 'डॉ', डॉक्टर नव्हे :-)), स्ट्रँड स्कूल नावाच्या शाळेचे हेडमास्तर. बॉम्बहल्ल्यांमुळे शाळा लंडनहून सरे परगण्यातल्या एफिंगहॅम गावी हलवलेली होती. हेडमास्तरांना उभं-आडवं तपासून झालं. काहीच सापडलं नाही. शेवटी पुन्हा योगायोगाचा शिक्का. १९५८ मध्ये ते बीबीसीवर या प्रकाराबद्दल बोलले, पण हे शब्द आले कुठून ते गुलदस्त्यातच राहिलं. १९६३ साली ते वारले.

खरा उलगडा झाला १९८४ साली, चाळीस वर्षांनी. रोनाल्ड फ्रेंच नावाच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं की हेडमास्तर रिकाम्या चौकटी मुलांपुढे टाकायचे आणि शब्द भरायला सांगायचे. सूचना मग ते स्वतः रचायचे. गावाजवळ अमेरिकन आणि कॅनेडियन सैनिकांची छावणी होती. चौदा वर्षांचा रोनाल्ड तिथे रेंगाळायचा, कानावर पडलेले शब्द वहीत टिपायचा. तेच चौकटीत गेले. डी-डे नंतर हेडमास्तरांनी त्याला बोलावून वह्या जाळायला लावल्या आणि बायबलवर हात ठेवून गप्प राहायची शपथ घ्यायला लावली. त्याने ती चाळीस वर्षं पाळली.

काहींना हा खुलासा पूर्ण पटत नाही. मला मात्र त्यातला एक मुद्दा फार पटतो. फ्रेंचचं म्हणणं असं की छावणीत ही नावं सगळ्यांना ठाऊक होती, ठाऊक नव्हत्या त्या जागा आणि तारीख. म्हणजे गुपित शब्दात नव्हतंच, ते शब्द आणि अर्थ यांच्या मधल्या जोडणीत होतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले पासवर्ड लपवायला काय काय करतो, आणि इथे अर्ध्या युरोपचं भवितव्य नावांवर पांघरूण न घालता सुरक्षित राहिलं. पेपर लाखो लोकांनी वाचला, चौकटी भरल्या, आणि कोणालाच काही कळलं नाही. चांगल्या क्रिप्टिक सूचनेचं काम याहून वेगळं काय असतं?

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतात ते हेडमास्तर. फ्रेंचचं खरं मानलं, तर शब्द कुठून आले हे त्यांना निदान नंतर तरी कळलं होतं. मुलांचं नाव सांगितलं असतं तर संशय कायमचा फिटला असता. त्यांनी सांगितलं नाही. वह्या जाळल्या, पोराला वाचवलं, आणि एका उत्तराची चौकट जन्मभर रिकामी ठेवली. रोज कोडं रचणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं असेल!