जुन्या अवजड मालमोटारींचे उत्पादनवर्ष

जुन्या अवजड मालमोटारीची (ट्रकची) विश्वासार्हता ठरवताना तिचे उत्पादनवर्ष हा भारतात एक महत्त्वाचा निकष मानला जातो. व्यवहारात त्याला 'मॉडेल' म्हणतात. उदाहरणार्थ, '२०१८ चे मॉडेल'. उत्पादनवर्षावरून वाहनाचे वय आणि इंजिनाचे तंत्रज्ञान यांचा अंदाज येतो. वाहन कसे वापरले गेले, हे मात्र कळत नाही.

== उत्सर्जन मानके ==
१ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ मानक देशभर लागू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याच दिवसापासून स्टेज-३ वाहनांची विक्री थांबली. १ एप्रिल २०२० पासून, स्टेज-५ वगळून, थेट स्टेज-६ मानक लागू झाले. स्टेज-३ च्या अनेक इंजिनांत यांत्रिक इंधनपंप असल्याने त्यांची दुरुस्ती साध्या गॅरेजमध्येही होऊ शकते. स्टेज-६ च्या मालमोटारींत इंधनपुरवठ्याचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण, धुरातील काजळी अडवणारा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइडे घटवणारी, युरियाच्या द्रावणावर चालणारी यंत्रणा असते. फिल्टर तुंबल्यास इंजिनाची शक्ती घटते आणि दुरुस्तीसाठी निदानयंत्र व प्रशिक्षित कारागीर लागतो. मानक बदलल्यानंतरच्या पहिल्या वर्षातील वाहनांत नव्या यंत्रणेचे प्रारंभिक दोष संभवतात. त्यामुळे त्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी विशेष महत्त्वाच्या ठरतात.

== उत्पादनवर्ष आणि नोंदणीवर्ष ==
ही दोन वर्षे एकच असतील असे नाही. डिसेंबरमध्ये तयार झालेल्या वाहनाची नोंदणी पुढील वर्षी होऊ शकते. नोंदणी प्रमाणपत्रावर नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना व वर्ष स्वतंत्रपणे दिलेले असतात. प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक वाहनावरील क्रमांकांशी ताडून पाहणे आवश्यक असते.

== वयाचे कायदेशीर परिणाम ==
मालवाहू वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. राष्ट्रीय परवान्यासाठी वयोमर्यादा सामान्यतः १२ वर्षे, तर बहुआसी मालमोटारींसाठी १५ वर्षे आहे.

== निकषाची मर्यादा ==
एकाच वर्षी तयार झालेल्या दोन मालमोटारींपैकी एक महामार्गावर मर्यादित भाराने आणि दुसरी दगडखाणीत अतिभाराने चालली असल्यास त्यांच्या स्थितीत मोठा फरक पडतो. चासीवरील तडे किंवा वेल्डिंगच्या खुणा, बसलेले पाटे व टायरांची असमान झीज ही अतिभाराची लक्षणे असू शकतात. थंड इंजिन सुरू करून पाहिल्यास त्याचे दोष अधिक स्पष्ट होतात. कर्ज काढून एकच मालमोटार घेणाऱ्या चालक-मालकाला ती बंद पडल्यास भाडे गमवावे लागते, हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून उत्पादनवर्षाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष तपासणीला दिले जाते.