‘पास’, ‘नापास’ आणि ‘गुजराण’

इंग्रजी क्रियापद मराठींत येतें तें बहुधा क्रियापद म्हणून येत नाहीं. ‘पास’ हा शब्द याचें ठळक उदाहरण होय. लॅटिन भाषेंत ‘पास्सुस’ म्हणजे पाऊल. त्यापासून फ्रेंचांनीं पुढें जाण्याच्या अर्थाचें क्रियापद बनविलें आणि इंग्रजांनीं तें उचललें. इंग्रजींत वाटसरू, सरणारा काळ, संमत होणारा ठराव, किंबहुना मरण पावणारा आप्तसुद्धां या एका क्रियापदावर निभावतो. मराठीनें त्यांतून मुख्यतः ठराव आणि परीक्षा तेवढ्या घेतल्या. (‘टाइमपास’ हा अलीकडचा उपद्व्याप येथें सोडून देऊं.) मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें व १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक झाली, रानडे व भांडारकर त्या पहिल्याच तुकडींतले. अशा परीक्षांच्या पाठोपाठ हा शब्द घरोघरीं शिरला असावा.

परंतु ‘तो परीक्षा पासला’ असें कोणी म्हणत नाहीं; ‘तो पास झाला’ असें म्हणतात. इंग्रजींत विद्यार्थी हा कर्ता, परीक्षा हें कर्म, आणि मधें ओलांडण्याची क्रिया. मराठींत ती क्रिया गळून माणसास लागणारें विशेषण उरलें. मग त्यास ‘नालायक’, ‘नाराज’ यांतला फारसी ‘ना’ जोडून ‘नापास’ सिद्ध झाला: धड इंग्रजी, शीर फारसी. गुजरातींतही तो आहे. हिंदी व उर्दू मात्र ‘फेल’वर भागवितात.

फारसीच्या सहवासाचा विचार करितां आम्हांस राजूर आठवतें. भोकरदन तालुक्यांतील हें गणपतीचें क्षेत्र १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्यांत आधीं फारसी व मग उर्दू ही दरबारी भाषा. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणही उर्दूंतूनच. तथापि फारसीचा व मराठीचा संबंध निजामाहूनही जुना. ‘पास’च्याच अर्थाचा ‘गुजर’ हा फारसी धातु मराठीनें घेतला, तो मात्र आपले प्रत्यय लावून: प्रसंग गुजरतो, गुजरला, गुजरेल. ‘गुजारा’ व ‘गुजराण’ हीं त्याचींच भावंडें.

२०१२-१३ च्या दुष्काळांत जालना जिल्हा होरपळला, तेव्हां राजुराच्या शेतकऱ्यापुढें प्रश्न होता तो गुजराणीचा. या शब्दांत काळ सरतो, माणूस त्यांतून निभावून जातो. वर्ष वाईट असलें तरी त्याचा शिक्का माणसावर बसत नाहीं. नापास-गुजराण असा शब्द मराठींत नाहीं. त्याच शेतकऱ्याच्या मुलाचें मात्र एक वर्ष वाईट गेलें कीं ‘नापास’ तें वर्ष नव्हे, मुलगाच. ‘अनुत्तीर्ण’ म्हटल्यानेंही फरक पडत नाहीं, कारण तेंही विशेषणच. दोन राज्यकर्त्यांच्या भाषांतून एकाच अर्थाचे शब्द आले. एकास आम्हीं क्रियापद राहूं दिलें, दुसऱ्यास नाहीं. ही व्याकरणांतली क्षुल्लक बाब आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत मुलास वर्गांत मागें ठेवण्यास बंदी केली. २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवीस तें पुन्हां शक्य झालें. कायद्याचा शब्द ‘मागें ठेवणें’ असा आहे. त्या क्रियेचा कर्ता शाळा, मूल नव्हे. मराठी बोलण्यांत तो उतरतां उतरतां ‘नापास’ होतो.