चवळी, भात आणि १ जानेवारी

१/ आपण उसळीसाठी जी चवळी भिजत घालतो, तीच १ जानेवारीला अमेरिकेच्या दक्षिण भागातील असंख्य घरांत भाताबरोबर शिजते. पदार्थाचे नाव 'हॉपिन जॉन'. नववर्षदिनी तो खाल्ल्यास वर्ष भरभराटीचे जाते, अशी श्रद्धा आहे. तिच्यामागील इतिहास मात्र गुलामगिरीचा आहे. #थ्रेड

२/ कृती साधी आहे. रात्रभर भिजवलेली चवळी, कांदा आणि खारवलेले डुकराचे मांस मंद आचेवर शिजवावे. दाणा मऊ व्हावा, पण फुटू नये. मग त्याच पाण्यात तांदूळ वैरून झाकण ठेवावे. हे पाणी ओतून टाकायचे नाही. भाताला रंग आणि चव त्यातूनच येते.

३/ सोबत पालेभाजी आणि मक्याचा पाव. चवळी म्हणजे नाणी, हिरवी भाजी म्हणजे नोटा आणि पिवळा पाव म्हणजे सोने, असा लोकसंकेत आहे.

४/ या प्रथेची एक लोकप्रिय कथा सांगितली जाते. यादवी युद्धात जनरल शर्मनच्या सैन्याने दक्षिणेतील धान्य लुटले. चवळी मात्र गुरांचे खाद्य समजून मागे ठेवली आणि तिच्यावर लोक जगले. शर्मनची ही मोहीम १८६४ची.

५/ परंतु हॉपिन जॉनची कृती १८४७ सालीच छापली गेली होती. चार्ल्स्टनच्या सारा रटलेज यांच्या 'द कॅरोलायना हाउसवाइफ' या पुस्तकात ती आढळते. म्हणजे मोहिमेच्या १७ वर्षे आधी हा पदार्थ तेथील स्वयंपाकघरांत रुळलेला होता.

६/ सारा या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणाऱ्या एडवर्ड रटलेज यांच्या कन्या. चार्ल्स्टनच्या अशा सधन घरांतील चूल गुलाम स्त्री-पुरुषांच्या हाती असे. कृती छापली गेली. रांधणाऱ्यांची नावे छापली गेली नाहीत.

७/ चवळी मूळची आफ्रिकेची. प्राचीन काळीच ती भारतात आली आणि पुढे गुलामांच्या व्यापाराबरोबर अटलांटिकपार गेली. सेनेगलमध्ये तिला 'न्येबे' म्हणतात आणि तेथेही ती भाताबरोबर एकाच भांड्यात शिजवली जाते.

८/ भातशेतीविषयी मात्र इतिहासकारांत वाद आहे. पीटर वुड (१९७४) आणि ज्युडिथ कार्नी (२००१) यांनी कॅरोलायनाच्या भातशेतीमागे पश्चिम आफ्रिकी शेतकऱ्यांचे ज्ञान दाखवले. एल्टिस, मॉर्गन आणि रिचर्डसन यांनी २००७ मध्ये त्यावर आक्षेप घेतले. शेतात राबणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न या वादात नाही.

९/ आता तारखेकडे वळू. गुलामगिरीच्या काळात १ जानेवारी हा गुलामांना वर्षभरासाठी भाड्याने देण्याचा आणि विकण्याचाही दिवस असे. स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या हॅरिएट जेकब्स यांनी १८६१च्या आत्मकथनात अशा एका दिवशी सात मुलांना लिलावाच्या चौथऱ्याकडे नेणारी आई वर्णिली आहे. सातही मुले विकली गेली.

१०/ १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला. साऊथ कॅरोलायनातील पोर्ट रॉयल येथे त्या दिवशी हजारोंसमोर त्याचे वाचन झाले. गुलामगिरी देशभर संपायला १८६५ उजाडले. पुढे १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ या लढ्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांनाच अर्पण केला.

११/ शर्मनची कथा या पदार्थाला सैन्याने टाकून दिलेल्या धान्यावर उभे करते आणि तो रांधणाऱ्यांना विसरते. हॉपिन जॉन करून पाहायचा असेल, तर चवळी ३१ डिसेंबरच्या रात्री भिजत घालावी लागेल. १८६२ साली त्याच रात्री कृष्णवर्णीय लोक प्रार्थनेसाठी जमून मुक्तीच्या पहाटेची वाट पाहत जागले होते. अनेक कृष्णवर्णीय चर्चमध्ये ते जागरण आजही होते.